कच्चा लिंबू आणि बर्फावरची प्रतवारी

हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. दर वेळी वाटायचं, जाऊ दे, बर्फावरच्या हॉकीत कुणी कुठल्या गटात खेळावं याच्याशी आपल्या मंडळींना काय घेणंदेणं? पण गेल्या आठवड्यात आमच्या लीगच्या सेक्रेटरीचा मेल आला, 'नव्या सीझनच्या चाचणीला परीक्षक म्हणून याही वर्षी येशील ना?' एका ओळीचा मेल. त्याला 'हो' लिहायला मला तीन दिवस लागले. का लागले, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मूळचा साताऱ्याचा, इंजिनिअरिंग पुण्यात, आणि गेली ५ वर्षं टोरांटोजवळ मिसिसॉगामध्ये कोड लिहून पोट भरतो. इथे 'हॉकी' म्हटलं की ती बर्फावरचीच. आपल्या ध्यानचंदांच्या हॉकीला हे लोक 'फील्ड हॉकी' म्हणतात, म्हणजे तो जणू एखादा उपप्रकार! पहिल्या हिवाळ्यात घरात बसून वेड लागायची पाळी आली तेव्हा ऑफिसातल्या एकाने मला स्केटिंगला ओढून नेलं. पहिले दोन महिने मी कठडा धरून चालत होतो आणि बाजूने चार-चार वर्षांची कार्टी भुर्रकन निघून जात होती. पण नाद लागला. दुसऱ्या हिवाळ्यात सेकंडहँड सामान घेतलं (हेल्मेट, खांद्याचं, कोपराचं, नडगीचं... सगळं अंगावर चढवायला वीस मिनिटं लागतात) आणि सगळ्यात खालच्या गटात नाव नोंदवलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साधारण २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद बर्फ, चहूबाजूंनी भिंत, दोन्हीकडचे ५-५ खेळाडू आणि एकेक गोली. चेंडूऐवजी रबराची चकती, म्हणजे पक, वजनाला १७० ग्रॅमच्या आसपास आणि गोठवून दगडासारखी कडक केलेली. एकेक जण पाऊण-एक मिनिट जीव खाऊन पळतो, मग बाकावर येऊन धापा टाकतो, तोवर दुसरा आत. हौशी लीगमध्ये मुद्दाम अंगावर जाऊन धडक मारायला बंदी असते, कारण सोमवारी सगळ्यांना कामावर जायचं असतं. मॅचेस बऱ्याचदा रात्री दहा-अकराला, कारण संध्याकाळची रिंक लहान मुलांच्या वाट्याची. असल्या लीगला इथे 'बीअर लीग' म्हणतात. का म्हणतात, ते मॅच संपल्यावर ड्रेसिंग रूममध्ये कळतं :-)

तर ह्या हौशी लीगमध्ये गट असतात. ए, बी, सी, डी. वरचा ए, खालचा डी. कुठे कुठे सी-१, डी-२ असेही पोटभेद. ऐकायला सोपं वाटतं, पण 'हौशी' हा शब्द फार फसवा आहे. २९ मार्च २०१८ ला शिकागो ब्लॅकहॉक्सचे दोन्ही गोली जायबंदी झाले, तेव्हा राखीव म्हणून बसवलेला स्कॉट फॉस्टर नावाचा ३६ वर्षांचा अकाउंटंट एनएचएलच्या मॅचमध्ये उतरला. विनिपेग जेट्सने शेवटच्या १४ मिनिटांत त्याच्यावर ७ शॉट मारले, त्याने सातही अडवले. दुसऱ्या दिवसापासून परत बीअर लीग आणि ताळेबंद. पुढे २२ फेब्रुवारी २०२० ला इथे टोरांटोतच ४२ वर्षांच्या डेव्हिड एअर्सला असंच कॅरोलायना हरिकेन्सकडून उतरवलं. पहिले दोन शॉट आत गेले, पुढचे आठ त्याने अडवले आणि मॅच ६-३ अशी जिंकली. आता हे दोघेही 'हौशी' आणि कठडा धरून चालणारा मीही 'हौशी'. फॉस्टर कॉलेजात खेळलेला होता हे खरं, पण मुद्दा तोच आहे. ज्याने काल पहिल्यांदा स्केट बांधले तो, आणि जो विशीत कॉलेजकडून खेळला तो, दोघेही एकाच फॉर्मवर नाव लिहितात. त्यांना एका बर्फावर सोडलं तर मजा एकाचीही होत नाही. आणि पायांना धारदार पाती असतात, त्यामुळे प्रश्न नुसत्या मजेचा राहत नाही.

मग ठरवायचं कसं?

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ज्याला-त्याला विचारणं. फॉर्मवर लिहा: 'तुमची पातळी काय?' हे वाचून मला आपला अप्रेजलचा फॉर्म आठवतो. 'स्वतःला १ ते ५ मध्ये गुण द्या.' तुम्ही आम्ही सगळ्यांनी तो भरलाय. कुणी ३ च्या खाली लिहितं का? आणि रेझ्युमेत 'जावा: १० पैकी ९' लिहिणारा इंटरव्ह्यूला आला की पुढे काय होतं, तेही आपण सगळ्यांनी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. १९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या क्रुगर आणि डनिंग यांनी विनोद, व्याकरण, तर्क असल्या विषयांत विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या. तळातल्या एक चतुर्थांश लोकांचं खरं स्थान शंभरात सरासरी १२ वं होतं आणि त्यांना स्वतःला वाटत होतं ६२ वं. ह्या निष्कर्षाच्या आकडेमोडीवर पुढे बराच वाद झाला, पण ज्याने हौशी हॉकीचे फॉर्म वाचलेत तो त्या वादात पडणार नाही.

हॉकीत मात्र आणखी एक गंमत आहे. अप्रेजलमध्ये सगळे स्वतःला वर ढकलतात, इथे काही लोक मुद्दाम खाली ढकलतात. खालच्या गटात खेळलं की गोल भरपूर होतात, कप मिळतो. याला म्हणतात 'सँडबॅगिंग', आणि असा आणलेला भारी खेळाडू म्हणजे 'रिंगर'. म्हणजे फॉर्मवरच्या 'डी'चे तीन अर्थ होऊ शकतात. खरंच डी, स्वतःला कमी समजणारा, किंवा लबाड. अक्षर तेच.

लहानपणी गल्लीत आम्हाला हा प्रश्न कधी पडला नव्हता. दोन कप्तान उभे राहायचे आणि आळीपाळीने भिडू वाटून घ्यायचे. 'मी पश्या घेतला.' 'मग मला विक्या.' पाच मिनिटांत दोन्ही टीम इतक्या तोडीस तोड व्हायच्या की अंधार पडेपर्यंत निकाल लागायचा नाही. आणि शेवटी एक छोटा उरायचा, बहुतेक वेळा बॅटच्या मालकाचा धाकटा भाऊ. तो कच्चा लिंबू. तो दोन्हीकडून बॅटिंग करायचा, पहिल्या बॉलला आऊट नाही, त्याला बॉल हळू टाकायचा, हातावर झेल आला तरी सोडून द्यायचा. आता विचार केला की वाटतं, काय भन्नाट व्यवस्था होती ती! त्याला खेळात घेतलं जायचं आणि तो कच्चा आहे हेही सगळ्यांना उघडपणे माहीत असायचं, त्याला स्वतःलासुद्धा. एक दिवस तो म्हणायचा, 'मी आता कच्चा लिंबू नाय.' मग त्याला जोरात बॉल टाकून बघायचे. सलग दोन वेळा दांडी उडाली की पुन्हा लिंबू.

मोठ्या माणसांच्या लीगमध्ये हे जमत नाही, कारण मोठ्या माणसाला कच्चं असण्याची लाज वाटते.

आता माझी पहिली गोष्ट. ती सांगायला मला बरं वाटत नाही, पण तिच्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

माझा पहिलाच सीझन. आम्ही डी गटात, म्हणजे तळात, आणि सलग हरत होतो. एके दिवशी आमच्या कप्तानाने एक मित्र आणला. १७ नंबरची जर्सी. तो दरवाजातून बर्फावर आला तेव्हाच मला कळलं. आपण बर्फावर पाय ठेवताना खाली बघतो, तो मागे वळून कुणाशी तरी बोलत बोलत आत आला. लहानपणापासून चांगल्या लीगमध्ये खेळलेला माणूस. फॉर्मवर लिहिलं होतं: अनुभव २-३ वर्षे. आम्ही सगळ्यांनी तो फॉर्म पाहिला आणि एकही जण काही बोलला नाही. मीही नाही.

त्या रात्री आम्ही ९-१ ने जिंकलो. नऊपैकी सहा गोल त्याचे. समोरचा गोली पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ होता, त्याच वर्षी गोलकीपिंग शिकायला लागलेला. प्रत्येक गोलनंतर तो गुडघ्यांवरून उठायचा, बाटलीतलं पाणी प्यायचा आणि परत जागेवर उभा राहायचा.

मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये तो आपली भलीमोठी बॅग गाडीत कोंबत होता. मी शेजारून जात होतो. त्याने हसून विचारलं, "तुमचा तो १७ नंबर, किती वर्षं खेळतोय?"

मी म्हणालो, "दोन-तीन."

तो क्षणभर थांबला. म्हणाला, "अच्छा. दोन-तीन वर्षांत इतकं येतं? मग मलाच जमण्यातलं नाही हे."

पुढच्या वेळी त्या टीमशी गाठ पडली तेव्हा गोलमध्ये दुसराच कुणी होता. चौकशी केली तर कळलं, त्याने सोडून दिलं, सामानही विकलं.

मी तेव्हा स्वतःची समजूत घातली. पन्नाशीचा माणूस, गुडघे दुखत असतील, बायको रागावत असेल. पण पार्किंगमधलं ते वाक्य डोक्यातून जात नाही. आम्ही त्याला ९ गोल दिले त्याचं काही नाही, बीअर लीगमध्ये असे स्कोअर होतात. आम्ही त्याची फूटपट्टी बदलली. 'दोन-तीन वर्षं खेळलेला माणूस एवढा चांगला असतो' असं त्याला सांगितलं आणि त्याने त्या खोट्या पट्टीवर स्वतःला मोजलं. खोटं कप्तानाने लिहिलं होतं, पण सांगितलं मी.

तेव्हापासून माझं हे मत झालंय: हौशी खेळातली तुमची पातळी ही तुमची खाजगी बाब नाही. बाकीचे वीस-बावीस लोक स्वतःला कशावर मोजणार ते तिच्यावर ठरतं.

इंजिनिअर असल्यामुळे मी साहजिकच यावर काही 'सिस्टीम' आहे का ते शोधायला लागलो. आहेत की, उत्तमोत्तम आहेत. बुद्धिबळात एलो रेटिंग आहे. आर्पाद एलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने मांडलेलं, जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारलेलं. दोघांत ४०० गुणांचं अंतर असेल तर वरच्याची बाजू साधारण दहास एक. कुणाला काही विचारायचं नाही, निकाल बघायचा आणि आकडा हलवायचा. सुंदर! पण बुद्धिबळात समोर एक माणूस असतो. आमच्या टीमच्या १५ पैकी दर शनिवारी वेगळेच नऊ उगवतात, एकाचं मूल आजारी, एकाचं प्रॉडक्शन रिलीज. त्या निकालातून माझा वाटा वेगळा काढणार कसा? पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक्सबॉक्सच्या ऑनलाइन खेळांसाठी 'ट्रूस्किल' काढलं, ते टीमसाठीही चालतं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. ते प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे ठेवतं: एक त्याच्या कौशल्याचा अंदाज आणि दुसरा, त्या अंदाजाबद्दल आपल्याला किती खात्री नाही त्याचा. हा दुसरा आकडा आपल्या कुठल्याच फॉर्मवर नसतो. ना लीगच्या, ना अप्रेजलच्या. पण व्हिडिओ गेममध्ये माणूस रात्रीत वीस डाव खेळतो. आमच्या सीझनमध्ये मिळून जेमतेम तेवढ्या मॅचेस. आकडा स्थिर होईस्तोवर बर्फ वितळलेला असतो.

आणि गोल्फ. गोल्फच्या हँडिकॅपमध्ये तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सगळ्यात चांगल्या ८ धरतात. २०२० पासून जगभर बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे. म्हणजे तुमचे चांगले दिवस मोजतात. हे वाचून मी पहिल्यांदा मान डोलावली. आपल्या उत्तम कामगिरीवरून आपली पात्रता ठरावी, यात गैर ते काय?

ह्याच समजुतीत मी गेल्या वर्षी पहिल्यांदा परीक्षक झालो. आणि इथे माझी दुसरी गोष्ट.

आमच्या ऑफिसात एक नागपूरकर आहे. शाळेत असताना रोलर स्केटिंग करायचा, त्यामुळे बर्फावर आल्या आल्या पळायला लागला. माझ्यासारखा कठडा धरून चालला नाही. चाचणीच्या दिवशी त्याने सरळ रेषेत असा काही वेग घेतला की शेजारच्या परीक्षकाने भुवया उंचावल्या. खोटं कशाला बोला, मला अभिमान वाटला. चाळीस लोकांत आपला एक मराठी माणूस, आणि काय पळतोय! त्याने एक गोलही मारला. मी त्याच्या नावापुढे 'सी' लिहिलं.

जे मी पाहिलं नाही ते असं: तो थांबत नव्हता. वळसा घेऊन वेग कमी करायचा. चाकांवर तसंच करतात. बर्फावर दोन्ही पाय आडवे करून, बर्फाचा भुगा उडवत जागच्या जागी थांबायचं असतं, आणि चाकांवरून आलेल्या माणसाला नेमकं तेवढंच येत नसतं. हे मला माहीत असायला हवं होतं. डी गटात वेग कमी, त्यामुळे चाललं असतं, हळूहळू शिकला असता. सी गटात दुसऱ्याच मॅचला पकमागे धावत तो शेवटच्या भिंतीपर्यंत गेला आणि थांबू शकला नाही. आधीच तिथे पोचलेल्या समोरच्या खेळाडूला घेऊन भिंतीवर आदळला. याचं मनगट मोडलं. त्या दुसऱ्याचा खांदा महिनाभर दुखत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं, चहा दिला, एक अक्षर बोलल्या नाहीत. तो स्वतः मात्र हसत होता. "अबे, तुझी काय चूक त्यात? मीच थांबलो नाही." पुढचे सहा आठवडे तो एका हाताने टाइप करत होता, आणि मी रोज समोरच्या क्युबिकलमध्ये बसून ते बघत होतो.

मग मला गोल्फमधला फरक कळला. गोल्फमध्ये तुमचा वाईट फटका फक्त तुम्हाला भोगायचा असतो. चेंडू तळ्यात गेला, गेला. तिथे माणसाचे चांगले दिवस मोजणं ठीक आहे. हॉकीत माझा सगळ्यात वाईट क्षण दुसऱ्याच्या अंगावर जातो. म्हणून इथे माणसाला जे उत्तम जमतं त्यावरून पातळी ठरवायची नाही, जे अजिबात जमत नाही त्यावरून ठरवायची. गोल मारला का, हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न, थांबता येतं का? दोन्ही बाजूंना?

आता मी चाचणीला काय बघतो ते सांगतो. पटलं नाही तर जरूर भांडा.

पहिली दहा मिनिटं मी कागदावर काहीच लिहीत नाही. ताज्या दमाचा माणूस सगळ्यांनाच बरा दिसतो. शिफ्टचे शेवटचे दहा सेकंद बघायचे, पाय जड झाल्यावर तो काय करतो ते. दमल्यावरही वळताना तोल राहतो का? की स्टिक हवेत, गुडघे सरळ आणि देवाक काळजी?

दुसरं, मान. पक स्टिकवर असताना नजर खाली आहे की समोर? नवख्याला पक सोडून दुसरं काही दिसत नाही, आणि ज्याला समोरचा माणूस दिसत नाही तो समोरच्या माणसावर जाणारच. एखाद्याची हातांची करामत कितीही छान असली तरी मान खाली असेल तर तो वरच्या गटात जात नाही.

तिसरं, पक नसताना तो कुठे असतो. एका मॅचमध्ये कुठल्याही खेळाडूकडे पक असतो तो फार थोडा वेळ, बाकी सगळा वेळ नसतो. पण गुणपत्रिकेत फक्त गोल, पास आणि शिक्षा लिहितात. जो बचावपटू योग्य जागी नुसता उभा राहिल्यामुळे समोरच्याने पासच दिला नाही, त्याची नोंद कुठेच नाही. आपल्याकडेसुद्धा रात्री दोनला सर्व्हर उभा करणाऱ्याला टाळ्या मिळतात. ज्याच्यामुळे तो पडलाच नाही, त्याचं नाव कुणाला माहीत असतं?

चौथं, उलटं स्केटिंग, आणि सुलट्यावरून उलट्यावर वळणं. लबाड पकडायला हे फार उपयोगी. गोलच्या बाहेर शॉट मारून वाईट खेळल्याचं नाटक कुणालाही करता येतं. पण वीस वर्षं स्केटिंग केलेल्या माणसाला पाय वाईट वापरता येत नाहीत. आपण मुद्दाम मराठी अडखळत बोलायला गेलो तरी शेजारच्या काकूंना दोन वाक्यांत कळेल, तसंच.

पाचवं, गोलींना विचारा. रिंकवर सगळ्यांकडे सतत तोंड करून उभा असणारा माणूस म्हणजे गोली. कोण कुठे शॉट मारतो, कोण गोलसमोर येऊन थांबतो आणि कोण अंगावर पडतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. आणि गंमत म्हणजे त्याला कुणी विचारत नाही.

सामानावरून मात्र काही ठरवू नका. नवीकोरी महागडी स्टिक घेऊन येणारा बहुधा कच्चा असतो, पण बहुधाच.

यापलीकडे लीगसाठी माझ्या दोन सूचना आहेत, गेल्या महिन्यात लेखी दिल्यात. एक, फॉर्मवर 'तुमची पातळी काय' विचारूच नका. 'डावीकडे थांबता येतं का, उजवीकडे येतं का, उलटं वळता येतं का, कुठल्या वयात कुठे खेळलात' असं विचारा. मताबद्दल माणूस सहज थाप मारतो, हो-नाहीच्या उत्तराबद्दल जरा अडखळतो. दोन, पहिल्या चार मॅचेसपर्यंत प्रत्येकाचा गट कच्चा धरा, पेन्सिलीने लिहिलेला. अमेरिकन टेनिस संघटनेच्या लीगमध्ये नवा माणूस स्वतःच पातळी लिहितो, पण निकाल फारच एकतर्फी यायला लागले की त्याच्या नावापुढे फुली पडते, आणि तीन फुल्या पडल्या की त्या पातळीवरून तो बाद. त्यांना जमतं तर आपल्याला का नाही? चार मॅचेसनंतर वर-खाली हलवायचं, आणि तो निर्णय कप्तानाच्या हातात ठेवायचा नाही. कप्तानाला कप हवा असतो. मी त्या कप्तानाचा भिडू होतो, मला माहीत आहे.

यावर ड्रेसिंग रूममधलं नेहमीचं उत्तर असं: "अरे, हा खेळ आहे, मजेसाठी आहे. एवढी परीक्षा कशाला?" ह्यात तथ्य आहे. इथे तळ्यांवर आणि उघड्या रिंकवर लोक 'शिनी' खेळतात. त्यात टीम पाडायची जुनी पद्धत म्हणजे सगळ्यांच्या स्टिका मध्ये ढीग करून टाकायच्या, एकाने न बघता एक इकडे, एक तिकडे फेकायची. ना अक्षर, ना आकडा. आणि तो खेळ झकास होतो. मी स्वतः खेळलोय. पण का होतो? कारण तिथे स्कोअर कुणी लिहीत नाही. भारी खेळाडू आपोआप अर्ध्या वेगाने खेळतो, लहान पोराला मुद्दाम पास देतो. तिथे कच्चा लिंबू शिल्लक आहे. ज्या दिवशी तुम्ही भिंतीवर स्कोअरबोर्ड टांगला आणि कप ठेवला, त्या दिवशी हा समजूतदारपणा संपतो. मग त्याची जागा कुठल्यातरी नियमाने भरून काढावीच लागते. मजा हवी म्हणूनच परीक्षा हवी.

आणि हो, हे सगळं करूनही चुका होणार. मी चाळीस माणसं तासाभरात बघतो, त्यात दोन-तीन चुकणारच. म्हणूनच तो दुसरा आकडा, 'मला किती खात्री नाही', मी आता कागदाच्या कडेला खरंच लिहितो. जिथे खात्री कमी असते तिथे खालचा गट देतो आणि तो परत बघायला स्वतः जातो. कुणी रागावतं. गेल्या महिन्यातल्या सरावात एकाने मला विचारलं, "तू स्वतः डीमध्ये खेळतोस आणि मला डी देतोस?" बरोबर आहे त्याचं. पण डी म्हणजे काय, ते मला आतून माहीत आहे.

असो. त्या गोलीकाकांना शोधायचा मी प्रयत्न केला. त्यांच्या टीमच्या कप्तानामार्फत निरोप पाठवला, की १७ नंबर वीस वर्षं खेळत होता, मी तुम्हाला खोटं सांगितलं. निरोप पोचला की नाही, माहीत नाही. उत्तर आलेलं नाही.

नागपूरकर मात्र पुन्हा येतोय. मनगट बरं झालंय, आणि गेले दोन महिने रविवारी सकाळी सातला तो एकटा रिंकवर जाऊन फक्त थांबायची प्रॅक्टिस करतोय. वेग घ्यायचा, थांबायचं. वेग घ्यायचा, थांबायचं. परवा मी त्याच्याबरोबर गेलो होतो. डावीकडे तो आता माझ्यापेक्षा छान थांबतो.

मेलला मी 'येतो' असं कळवलं. माझा खेळाडू म्हणूनचा फॉर्मही त्याच रात्री भरला. पातळीच्या रकान्यात 'डी' लिहिलं. खाली 'इतर माहिती' असा एक रकाना असतो, तो सगळेजण रिकामा सोडतात. त्यात लिहिलं: उजव्या बाजूला अजून नीट थांबता येत नाही.